छायाचित्र कोणत्या रूपात जपावे? : फाइल फॉरमॅट आणि संपादन-सॉफ्टवेअर यांचा विचार

आजी-आजोबांच्या पिढीची छायाचित्रे अनेक घरांत अगदी मोजकी असतात. एक भिंतीवर चौकटीत असते, एखादे जुन्या कागदपत्रांच्या पिशवीत शाळेच्या दाखल्यासोबत घडी पडून राहिलेले असते. वसतिगृहातील सुरुवातीच्या तुकड्यांच्या कित्येक विद्यार्थ्यांपाशी तर वर्षअखेरीचे समूहचित्र हेच बालपणीचे एकमेव छायाचित्र असते. स्मरणिकेच्या निमित्ताने अशी चित्रे पेट्यांतून बाहेर येतात, कोणीतरी मोबाइलने त्यांचा फोटो घेतो, तो एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर जातो आणि अखेरीस संपादकांच्या हाती पोहोचतो. कागदावर ज्याने चाळीस पावसाळे काढले, ते चित्र चार फोनांच्या प्रवासात ओळखू येईनासे होते, हे आम्हांस वारंवार दिसते. प्रस्तुत लेख त्याविषयी आहे.

छायाचित्रणाची आवड असलेले तरुण आणि पालक आम्हांला बहुधा एकच प्रश्न विचारतात : फोटो सुधारण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर चांगले? आमच्या मते त्याआधी वेगळा प्रश्न विचारावयास हवा. छायाचित्र कोणत्या फॉरमॅटमध्ये, म्हणजे कोणत्या प्रकारच्या फाइलीत साठवले आहे? सॉफ्टवेअर उद्या बदलता येते. फाइल साठवताना चित्रातून जे वगळले गेले, ते मात्र कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

जेपेग : काय राहते, काय जाते

अंकीय छायाचित्र ही बारीक चौकोनी ठिपक्यांची जाळी असते. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांचे तीन आकडे लिहिले जातात. नेहमीच्या ८ बिट पद्धतीत प्रत्येक आकडा ० ते २५५ या मर्यादेत असतो. आता हिशेब करू. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे एक चित्र म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. त्यांचे तीन-तीन आकडे मिळून ७ कोटी २० लाख होतात, म्हणजे फाइल सुमारे ७२ एमबीची व्हावयास हवी. प्रत्यक्षात त्याच कॅमेऱ्यातून येणारी जेपेग फाइल साधारणतः ८ ते १२ एमबीची असते. मग उरलेले गेले कोठे?

जेपेग हे नाव जॉइंट फोटोग्राफिक एक्स्पर्ट्स ग्रुप या तज्ज्ञसमितीवरून पडले. तिने तयार केलेले मानक १९९२ साली मान्य झाले आणि आज जगातील बहुतांश छायाचित्रे त्याच रूपात आहेत. त्यामागची युक्ती मानवी डोळ्याच्या अभ्यासावर उभी आहे. उजेड-अंधारातील बारीक फरक डोळ्याला चटकन कळतो, रंगातील बारीक फरक तितकासा कळत नाही. म्हणून जेपेग प्रथम उजेड आणि रंग वेगळे करते व रंगाची माहिती बहुधा कमी तपशिलात ठेवते. त्यानंतर चित्राचे ८ × ८ पिक्सेलांचे चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनातील चढउतार लहान-मोठ्या लहरींच्या रूपात मांडते आणि अतिसूक्ष्म लहरींचे आकडे ढोबळ करते किंवा शून्यच करून टाकते. आकाश, भिंत, मैदान यांना याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते बारीक तपशिलाचे.

समूहचित्रात बारीक तपशील म्हणजे चेहरे. एका ओळीत वीस मुले उभी आहेत आणि चित्राची रुंदी १६०० पिक्सेल आहे असे समजा. प्रत्येक मुलाच्या वाट्याला ८० पिक्सेल येतात. त्यातील निम्मे चेहऱ्याचे धरले तर ४०. म्हणजे एक संपूर्ण चेहरा आडव्या दिशेने जेपेगच्या जेमतेम पाच चौकोनांत बसवावा लागतो, आणि डोळा एका चौकोनात. तो चौकोन ढोबळ झाला की डोळाही ढोबळ झाला. १६०० ही संख्या आम्ही सहज घेतलेली नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो साधारणतः एवढ्याच लांबीचा केला जातो आणि त्याचे जेपेग पुन्हा नव्याने, अधिक दाबून बनवले जाते. मिळालेला फोटो कोणी कापून, उजळ करून पुन्हा पाठवला की हीच क्रिया आधीच्या नुकसानीवर परत होते.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. जेपेग फाइल वारंवार उघडून पाहिल्याने झिजते असे काही जण मानतात. तसे नाही. पाहिल्याने किंवा पेनड्राइव्हवर नक्कल केल्याने तिच्यातील एकही आकडा बदलत नाही. फाइलीत बदल करून ती पुन्हा जेपेग म्हणून साठवली, तरच नवे नुकसान होते.

व्हॉट्सअ‍ॅप वापरूच नये, असे म्हणणे व्यवहाराला धरून होणार नाही. गावोगावच्या माजी विद्यार्थ्यांना जोडणारे दुसरे इतके सोपे साधन नाही. परंतु तेथे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडण्याची सोय आहे. तसे पाठवल्यास मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते. २०२३ पासून ‘एचडी’चाही पर्याय आला आहे. तो नेहमीच्या पद्धतीपेक्षा बरा असला, तरी त्यातही दाब आहेच. छपाईसाठी चित्र पाठवताना डॉक्युमेंटचाच मार्ग धरावा. ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, या छपाईच्या नेहमीच्या मापाने १६०० पिक्सेलांचे चित्र सव्वापाच इंचांपलीकडे नीट छापता येत नाही. ए-४ आकाराचे पूर्ण पान भरावयाचे तर २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात.

जुने छायाचित्र संगणकात घेताना

मूळ प्रत कोणत्या रूपात ठेवावी, याचे आमचे उत्तर टिफ हे आहे. टिफ हे रूप १९८६ साली आल्डस या कंपनीने आणले. पुढे ती कंपनी अ‍ॅडोबीत विलीन झाली. तथापि टिफची रचना सर्वांना खुली असल्याने छापखान्यापासून अभिलेखागारापर्यंत सर्वत्र ते चालते. त्यात पिक्सेलांचे आकडे काहीही न गमावता राहू शकतात, आणि प्रत्येक रंगासाठी ८ ऐवजी १६ बिट वापरता येतात.

या १६ बिटांचे महत्त्व फिकट पडलेल्या चित्रात कळते. उन्हाने विटलेल्या कागदावर खरा काळा उरलेला नसतो आणि पांढराही पिवळसर झालेला असतो. ८ बिटांच्या २५६ पायऱ्यांपैकी असे चित्र कदाचित ९० पायऱ्याच वापरते. ते सुधारावयाचे म्हणजे त्या ९० पायऱ्या ताणून पुन्हा २५६ वर पसरवायच्या. मग मधल्या पायऱ्या रिकाम्या पडतात आणि आकाशात किंवा गालावर रंगाचे पट्टे दिसू लागतात. १६ बिटांत पायऱ्या हजारोंनी असल्यामुळे ताणूनही चढण सलग राहते.

पोस्टकार्डाएवढा, म्हणजे ४ × ६ इंचाचा फोटो सपाट स्कॅनरवर ६०० डीपीआयने घेतला तर २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात. १६ बिट टिफमध्ये त्याची फाइल सुमारे ५२ एमबी होते. हा आकडा ऐकून अनेक जण दचकतात. पण घरातील २०० जुने फोटो असे ठेवले तरी साडेदहा जीबीच्या आसपास जागा लागेल, आणि ते एका साध्या १६ जीबी पेनड्राइव्हमध्ये मावतात. पासपोर्ट आकाराचा लहान फोटो मात्र १२०० डीपीआयने घ्यावा. त्यातून सुमारे १६५० × २१२५ पिक्सेल मिळतात, आणि भिंतीवर लावण्याजोगी साडेपाच बाय सात इंचांची प्रत निघते. त्याहून वरचे आकडे स्कॅनरच्या खोक्यावर छापलेले असतात, त्यांना भुलू नये. कागदावर जे नाही ते स्कॅनर आणणार कोठून? फक्त कागदाचे दाणे मोठे दिसतील.

कृष्णधवल फोटोही रंगीत पद्धतीनेच स्कॅन करावा, असा आमचा आग्रह असतो आणि तो ऐकणाऱ्याला विचित्र वाटतो. कारण सांगतो. जुन्या फोटोंवरचे डाग बहुधा पिवळे-तपकिरी असतात. पिवळा डाग निळा प्रकाश शोषून घेतो, लाल प्रकाश मात्र बराचसा परतवतो. त्यामुळे निळ्या रंगाच्या आकड्यांत तो डाग काळाकुट्ट दिसतो आणि लाल रंगाच्या आकड्यांत जवळजवळ नाहीसा होतो. रंगीत स्कॅनमधून केवळ लाल रंगाचा थर वेगळा काढला की निम्मे काम हात न लावता होते. कृष्णधवल पद्धतीने स्कॅन केले तर हे तीन थर एकत्र मिसळून जातात आणि ही संधी कायमची हातची जाते.

स्कॅनर नसेल तर फोनही चालेल. फोटो खिडकीपाशी सपाट ठेवावा, फ्लॅश बंद करावा आणि फोन फोटोला अगदी समांतर धरावा. चौकटीतील फोटो काचेला चिकटला असेल तर तो ओढून काढण्याचा प्रयत्न कृपया करू नये. चित्राचा थर काचेलाच राहून जातो. काचेवर तिरपी चमक येणार नाही अशा बेताने काचेतूनच चित्र घ्यावे.

इतर रूपे

पीएनजी हे रूप १९९६ साली प्रमाणित झाले. तेही काही गमावत नाही. ज्या चित्रांत अक्षरे, रेषा, सपाट रंग आहेत, त्यांना ते उत्तम. कार्यक्रमपत्रिका, बोधचिन्ह, फोटोवर देवनागरीत मजकूर लिहिलेले निमंत्रण ही जेपेगमध्ये ठेवली की वेलांट्या आणि अनुस्वारांभोवती धूळ बसल्यासारखे ठिपके उमटतात. पीएनजीमध्ये उमटत नाहीत.

आयफोनमध्ये २०१७ पासून एचईआयसी हे रूप वापरात आहे. जेपेगच्या सुमारे निम्म्या जागेत ते तशीच गुणवत्ता देते. मात्र तालुक्याच्या ठिकाणच्या डीटीपीच्या दुकानात ती फाइल उघडेलच याचा भरवसा नसतो, म्हणून देताना जेपेग करून द्यावी.

रॉ या प्रकाराविषयी थोडे अधिक लिहावयास हवे, कारण आता आपले अनेक माजी विद्यार्थी स्वतःचे कॅमेरे घेऊन स्नेहसंमेलनाला येतात. कॅमेऱ्यातील प्रकाशग्राहक चकतीवरचा प्रत्येक ठिपका खरे तर एकच रंग मोजतो. कोडॅकमधील ब्राइस बायर यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या रचनेनुसार निम्मे ठिपके हिरवा, पाव लाल आणि पाव निळा मोजतात, आणि उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून हिशेबाने भरले जातात. जेपेग घेताना हा हिशेब कॅमेरा स्वतःच्या समजुतीने करून मोकळा होतो. रॉ फाइलीत मात्र मूळ मोजमाप १२ किंवा १४ बिटांत, म्हणजे ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्यांत, तसेच ठेवले जाते आणि हिशेब आपण मागाहून करतो.

याचा उपयोग मांडवात बसलेल्यांना विचारावा. लाल-निळ्या कनातींतून झिरपणारा उजेड चेहऱ्यांवर पडतो आणि सारी पंगत तांबडी किंवा निळसर होते. रॉमध्ये हा रंगाचा तोल मागाहून बदलता येतो, जणू कॅमेरा त्या क्षणी नीट बेतला होता. भर दुपारी पांढऱ्या कपड्यांतील माणसांचे फोटो घेताना कपडे सांभाळले तर चेहरे काळवंडतात. रॉमध्ये ते चेहरे पुष्कळ वर उचलता येतात. परंतु जे कपडे अगदीच पांढरेफटक झाले, शेवटच्या पायरीलाच जाऊन भिडले, त्यांच्या सुरकुत्या रॉमधूनही परत येत नाहीत. म्हणून प्रकाश थोडा कमीच ठेवावा. रोजच्या फोटोंसाठी रॉची उठाठेव कोणी करू नये, असेही आम्ही म्हणू.

रॉची अडचण अशी की बहुतेक कंपन्यांचे रूप निराळे आणि बंदिस्त. कॅननने २०१८ साली सीआर३ हे नवे रूप आणले. लाइटरूम या सॉफ्टवेअरची एकरकमी विकत मिळणारी शेवटची सहावी आवृत्ती त्याआधी, २०१७ अखेरीस, सुधारणे बंद झाले होते. ज्यांनी ती पैसे मोजून घेतली होती, त्यांना नव्या कॅमेऱ्याची फाइल तीत थेट उघडता येईना. मार्ग होता : अ‍ॅडोबीनेच २००४ साली खुले केलेले डीएनजी हे रूप, आणि त्यात रूपांतर करणारे मोफत साधन. वर्षानुवर्षे ठेवावयाच्या रॉ फाइली डीएनजीत रूपांतरित करून ठेवणे यासाठीच हितावह होय.

सॉफ्टवेअरची निवड

फोटोशॉप १९९० साली आले आणि आज त्याचे नाव क्रियापद होऊन बसले आहे. २०१३ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या विकत न मिळता भाड्याने मिळतात. ज्याला स्टुडिओ, लग्नकार्ये किंवा छापखाना यांतून पोट भरावयाचे आहे, त्याने फोटोशॉप शिकावेच. बाजार त्याच भाषेत बोलतो. घरच्या दोनशे फोटोंसाठी मात्र दरमहा भाडे भरण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. कोणीतरी पेनड्राइव्हवर आणून दिलेली चोरटी प्रत तर विद्यार्थ्यांच्या संगणकावर मुळीच नसावी. ती कायद्याला धरून नाहीच, शिवाय तिच्यासोबत काय काय आत शिरते याचा पत्ता लागत नाही.

गिम्प हे मोफत आणि खुले सॉफ्टवेअर स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १९९५ साली लिहावयास घेतले. २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून ते १६ बिट चित्रे हाताळते. चरे, घड्या, डाग काढण्याची साधने त्यात आहेत, लाल थर वेगळा काढण्याची वर सांगितलेली युक्तीही त्यात होते, आणि युनिकोड देवनागरी जोडाक्षरांसह नीट उमटते. रॉ फाइली ते स्वतः उघडत नाही. त्यासाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपी यांपैकी एक सोबत घ्यावे. दोन्ही मोफत आहेत. डार्कटेबलला संगणक जरा दमदार लागतो आणि पहिले आठ-दहा दिवस ते माणसाला छळते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फोनवरच काम करणाऱ्यांना गूगलचे स्नॅपसीड पुरेसे आहे.

निवड करताना एक कसोटी आम्ही सर्वांत वर ठेवतो : मूळ फाइलीला सॉफ्टवेअर हात लावते की नाही? लाइटरूम आणि डार्कटेबल मूळ फाइल तशीच ठेवतात आणि केलेले बदल सूचनांच्या रूपात वेगळे लिहितात. ही रीत उत्तम. पण त्या सूचना वाचणारे सॉफ्टवेअरच बंद झाले तर? गूगलचे पिकासा आपल्याकडे घरोघरी होते. २०१६ साली गूगलने ते थांबवले. त्यात अनेक बदल शेजारच्या एका लपलेल्या फाइलीत लिहिले जात आणि ती फाइल पिकासालाच समजे. ज्यांनी काम पूर्ण झाल्यावर वेगळी प्रत काढून ठेवली होती, त्यांची मेहनत वाचली. म्हणून सॉफ्टवेअर कोणतेही असो, सुधारलेले चित्र टिफमध्ये बाहेर काढून मूळ स्कॅनशेजारी ठेवावे, आणि वाटण्यासाठी त्यावरूनच जेपेग बनवावी.

अलीकडे अंधूक चेहरा एका बोटाने लख्ख करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची अ‍ॅप आली आहेत. त्यांच्याविषयी आमचे मत कठोर आहे. चाळीस पिक्सेलांच्या चेहऱ्यात पापण्या नसतातच. अ‍ॅप त्या इतर असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेल्या अंदाजाने रंगवते. निघालेला चेहरा सुंदर, तुकतुकीत आणि दुसऱ्याच कोणाचातरी असतो. ज्या आजोबांना पाहिलेले कोणी आज घरात उरलेले नाही, त्यांचा असा चेहरा एकदा चौकटीत बसला की नातवंडे त्यालाच आजोबा समजतील. कृष्णधवल लुगड्याला अ‍ॅपने दिलेला रंगही असाच अंदाजाचा असतो. हौस म्हणून करावे, पण त्या प्रतीच्या नावातच ‘कृत्रिम’ असे लिहावे आणि मूळ स्कॅनपासून ती वेगळी ठेवावी.

नावाचा विषय निघालाच आहे. कागदी फोटोला मागची बाजू असे. तेथे स्टुडिओचा शिक्का, तारीख आणि शाईने लिहिलेली नावे सापडत. स्कॅन करताना ही मागची बाजूही स्कॅन करावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलीच्या नावात जी तारीख दिसते ती फोन बहुधा फोटो मिळाल्याची लिहितो, काढल्याची नव्हे. त्यामुळे १९८७ चे समूहचित्र २०२३ च्या रकान्यात जाऊन बसते. फाइलीला नाव देताना आधी वर्ष, मग प्रसंग, मग ठिकाण असा क्रम ठेवावा. समूहचित्र असेल तर त्याच नावाची एक साधी मजकुराची फाइल शेजारी ठेवून तीत मागची ओळ, मधली ओळ, पुढची ओळ, डावीकडून उजवीकडे, अशी नावे लिहावीत. जी ओळखता आली नाहीत, त्यांच्या जागा मोकळ्या ठेवाव्यात आणि पुढील मेळाव्यात ते चित्र मोठे छापून टेबलावर पेन्सिलीसह ठेवावे.